रंगमंचावरील ड्रोन : हौस आणि जबाबदारी

१३ सप्टेंबर २०२५ रोजी रोम येथे संत पीटर यांच्या चौकात ‘ग्रेस फॉर द वर्ल्ड’ हा संगीत सोहळा झाला. त्या रात्री तीन हजारांहून अधिक ड्रोननी आकाशात प्रकाशाची चित्रे रेखाटली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांची मुद्रा आणि मायकेलअँजेलोच्या चित्रातील आदामाच्या निर्मितीचे दृश्य त्यांत होते. त्याच्या चित्रफिती आपल्याकडील अनेकांनी भ्रमणध्वनीवर पाहिल्या, आणि साहजिकच आपल्या युवक-युवतींच्या मनात एक विचार आला. आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहात, नाताळच्या नृत्यनाट्यात, बेथलेहेमचा तारा असाच उडत आला तर?

कल्पना सुंदर आहे, आणि ती सुचणाऱ्या तरुणांविषयी आम्हांला कौतुकच वाटते. वर्षानुवर्षे त्याच गाण्यांवर तीच नृत्ये बसविण्यापेक्षा काही नवे करावे, ही ओढ निकोप आहे. छोटे ड्रोन आता सहज दिसू लागले आहेत आणि एखादा चुणचुणीत मुलगा ते तासाभरात उडवायला शिकतो. तथापि, खुल्या आकाशात ड्रोन उडविणे आणि छताखाली, नाचणाऱ्या मुलांच्या शेजारी तो उडविणे, या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक नेमका कशात आहे आणि तो ओळखून कोणती तयारी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

एका तालमीतील प्रसंग

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमीस आम्ही उपस्थित होतो. मेंढपाळांचे नृत्य चालू होते. रंगमंचाच्या मागील बाजूने एका युवकाने चंदेरी कागदाचा तारा लावलेला छोटा ड्रोन वर नेला. तो जागच्या जागी स्थिर उभा राहिला आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या. मग रात्रीचे दृश्य सुरू झाले. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याने मोठे दिवे मालवून फक्त फिकट निळा प्रकाश ठेवला. त्यानंतर काही क्षणांतच तो ड्रोन, कोणी ढकलत असल्यासारखा, हळूहळू डावीकडे सरकू लागला. डावीकडे मेंढपाळांच्या वेषात लहान मुली बसल्या होत्या. एकीच्या डोक्यावरची ओढणी पात्यांत गुंतली, फर्रकन आवाज झाला आणि ड्रोन तिच्या खांद्याला घासून खाली पडला.

मुलीला इजा झाली नाही. ओढणी फाटली आणि केसांची एक बट तुटली, एवढेच. तो युवक मात्र पांढराफटक पडला होता. तो वारंवार एकच वाक्य म्हणत होता, “फादर, मी दांडी हलवलीच नाही.”

तो खरे बोलत होता. त्याने काहीही चुकीचे केले नव्हते, आणि म्हणूनच हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दिवे मालवले गेले, तेव्हा ड्रोन आंधळा झाला होता.

ड्रोन स्थिर कसा राहतो?

चार पंखांचा ड्रोन हवेत तोल सांभाळतो तो आतील सूक्ष्म संवेदकांमुळे. यंत्र किती कलले, किती फिरले, याची नोंद हे संवेदक दर सेकंदाला शेकडो वेळा घेतात आणि त्यानुसार चारही मोटारींची गती कमी-अधिक होते. परंतु आपण सरळ आहोत की कललेलो आहोत, एवढेच या संवेदकांना नीट कळते. आपण नेमके कोठे आहोत, हे त्यांना कळत नाही. डोळे बांधलेला माणूस ताठ उभा राहू शकतो, पण वाहत्या पाण्यात आपण किती सरकलो हे त्याला सांगता येत नाही, तसेच हे आहे.

खुल्या आकाशात ही उणीव उपग्रहांच्या संकेतांनी भरून निघते. मोकळ्या चौकावर शेकडो ड्रोन आपापल्या जागी उभे राहतात, त्यामागे उपग्रहांवरून मिळणारे स्थान असते. सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या छताखाली हे संकेत पोहोचत नाहीत, किंवा इतके क्षीण व वेडेवाकडे पोहोचतात की त्यांच्यावर विसंबणे अधिकच धोक्याचे ठरते. ड्रोनमधील होकायंत्रालाही लोखंडी तुळया आणि ध्वनिक्षेपकांतील चुंबक यांमुळे भ्रम होतो.

मग सभागृहात ड्रोन स्थिर राहतो तो कशाच्या बळावर? त्याच्या पोटाशी असलेल्या एका छोट्या कॅमेऱ्याच्या. हा कॅमेरा सतत खालची जमीन पाहतो. जमिनीवरील खुणा डावीकडे सरकताना दिसल्या, तर आपण उजवीकडे जात आहोत असे तो ताडतो आणि स्वतःला सावरतो. शेजारचा दुसरा संवेदक अवरक्त किरणांनी किंवा ध्वनिलहरींनी जमिनीपासूनची उंची मोजतो. अगदी स्वस्त, खेळण्यातल्या ड्रोनमध्ये तर हा खाली पाहणारा कॅमेराही नसतो. तो ड्रोन चालकाच्या बोटांवरच अवलंबून असतो.

एवढे समजले की रंगमंच ही ड्रोनसाठी किती अवघड जागा आहे, हे आपोआप उमगते. कॅमेऱ्याला प्रकाश हवा. काही प्रचलित छोट्या ड्रोनच्या माहितीपुस्तिकांत खालच्या जमिनीवर १५ लक्सहून अधिक प्रकाश असावा, असे सांगितलेले असते. पौर्णिमेच्या चांदण्यात अर्धा लक्सही नसतो. म्हणजे नाटकातील ‘रात्र’ आपल्या डोळ्यांना जितकी मोहक, तितकी ड्रोनला घातक. कॅमेऱ्याला जमिनीवर खुणाही हव्यात. काळे कापड, चकचकीत फरशी, किंवा एकसारख्या चौकोनांची पुनरावृत्ती असलेली फरशी त्याला चकवते. झपाझप उघडझाप करणारे दिवे, फिरते रंगीत झोत, धुराच्या यंत्राचा धूर यांमुळे जमीनच हलत असल्याचा भास त्याला होतो. लेझरचा झोत तर कॅमेऱ्याच्या आतील भागाची कायमची हानी करू शकतो.

याशिवाय सभागृहातील हवा. ड्रोनच्या पात्यांनी खाली ढकललेली हवा भिंतींवर आपटून परत फिरते आणि त्याला डुलवते. ड्रोन छताच्या फार जवळ गेला, तर तो वर ओढला जातो. आपल्या सभागृहांतील छताचे पंखे चालू असतील, तर मग विचारायलाच नको. पंख्याचा झोत ड्रोनला ढकलतो आणि पंख्याची पाती त्याची वाटच पाहत असतात. सजावटीच्या माळा, कागदी कंदिलांच्या दोऱ्या, बारीक विजेच्या तारा अडथळे ओळखणाऱ्या ड्रोनलाही बहुधा दिसत नाहीत.

मोठ्या रंगमंचांवर काय केले जाते?

छताखाली नर्तकांसोबत ड्रोन उडविणे अशक्य नाही. २०१४ साली कॅनडातील प्रसिद्ध ‘सर्क द्यू सोलेय’ या संस्थेने झुरिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांसह ‘स्पार्क्ड’ नावाची चित्रफीत तयार केली. तीत १० ड्रोन दिव्यांच्या छत्र्यांचा वेष घेऊन एका कलावंताभोवती फिरताना दिसतात. पुढे २०१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या त्याच संस्थेच्या ‘पॅरामूर’ या संगीतनाट्यात असे ८ ड्रोन प्रत्यक्ष प्रयोगात उडत असत. जपानमध्ये नृत्यदिग्दर्शिका मिकिको आणि त्यांचे ‘इलेव्हनप्ले’ हे पथक यांनी ‘राइझोमॅटिक्स’ या तंत्रसमूहासह नर्तकी व ड्रोन यांची एकत्रित नृत्ये सादर केली.

या प्रयोगांत ड्रोन उपग्रहांवर किंवा पोटाशी असलेल्या छोट्या कॅमेऱ्यावर विसंबलेले नव्हते. त्यांची जागा ओळखण्यासाठी सभागृहातच स्वतंत्र यंत्रणा बसविलेली होती. त्यांचा मार्ग संगणकाने आधीच आखलेला होता आणि नर्तकांची प्रत्येक हालचाल मोजून ठरविलेली होती. चित्रफितीत ड्रोन आणि नर्तक सहज, उत्स्फूर्त खेळत असल्यासारखे वाटतात. त्या सहजतेमागे अभियंत्यांचे दीर्घ परिश्रम असतात. ते न पाहता आपण केवळ दृश्याचे अनुकरण करू लागलो, तर आपल्या हाती धोक्याचा भाग तेवढा येतो आणि संरक्षण मागे राहते.

याबाबत आपल्या ख्रिस्तसभेतीलच एक उदाहरण बोलके आहे. रोममधील संत पीटर महामंदिराची संगणकीय प्रतिकृती तयार केल्याचे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यासाठी ड्रोन, कॅमेरे आणि लेझर यांच्या साहाय्याने ४ लाखांहून अधिक छायाचित्रे घेण्यात आली. एवढ्या विशाल आणि उंच वास्तूतही हे काम दर्शनार्थी आत नसतानाच केले गेले.

दुखापत कशी होते?

“एवढासा तर ड्रोन, त्याने काय होणार?” असे पालकही म्हणतात. थोडे गणित करून पाहू. २५० ग्रॅम वजनाचा ड्रोन ४ मीटर उंचीवरून निखळला, तर जमिनीवर येईपर्यंत त्याचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर होतो. क्रिकेटच्या सीझन चेंडूचे वजन सुमारे १६० ग्रॅम असते. तोच चेंडू त्या वेगाने एखाद्या मुलाच्या डोक्यावर पडावा, असे आपणांपैकी कोणी म्हणेल काय? आणि चेंडूला फिरती पाती नसतात.

डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उपाहारगृहात नाताळनिमित्त ‘मिसलटो’ची डहाळी टांगलेला ड्रोन गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून फिरविण्यात आला. त्याचे पाते एका महिला छायाचित्रकाराच्या नाकाला लागून जखम झाली. मे २०१५ मध्ये मेक्सिकोतील तिहुआना शहरात गायक एन्रिके इग्लेसियास यांनी भर कार्यक्रमात, नेहमीप्रमाणे, उडता ड्रोन हाताने पकडला. त्या वेळी त्यांची बोटे कापली गेली आणि नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. पहिल्या प्रसंगी ड्रोन माणसांच्या फार जवळ आणला गेला होता. दुसऱ्या प्रसंगी, आजवर काही झाले नाही म्हणून आजही काही होणार नाही, हा विश्वास नडला. नाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठी भीती डोळ्यांची असते, कारण वर उडणाऱ्या वस्तूकडे मूल स्वाभाविकपणे तोंड वर करूनच पाहते.

तयारी कशी करावी?

वरील विवेचनातून एक साधा नियम निघतो. ड्रोन कोणत्याही क्षणी, कोणाचीही चूक नसताना, खाली पडेल किंवा भरकटेल, असे गृहीत धरावे आणि तरीही कोणाला लागणार नाही, अशी रंगमंचाची आखणी करावी. ड्रोन पडू नये यासाठी काळजी घेणे आवश्यक आहेच, पण तो पडला तर काय, याचे उत्तर आधी तयार हवे.

प्रथम जागा. ड्रोनसाठी रंगमंचाच्या मागील बाजूस एक स्वतंत्र पट्टा राखावा आणि तो जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने आखावा. संगीत चालू असेपर्यंत त्या पट्ट्यात कोणीही पाऊल टाकू नये. आमच्या मते नर्तक आणि पट्टा यांत किमान ३ मीटर अंतर असावे. सभागृह लहान असल्यामुळे एवढे अंतर मिळत नसेल, तर ती जागा ड्रोनसाठी नाही, असे समजावे. प्रेक्षकांच्या डोक्यावरून ड्रोन नेणे तर सर्वथा वर्ज्य मानावे.

दुसरे, जाळे. पट्टा आणि नर्तक यांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत बारीक नायलॉनचे जाळे ताणून बांधावे. परदेशांतील प्रयोगशाळांतही ड्रोनच्या चाचण्या जाळ्यांच्या आत घेतल्या जातात. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना जाळे कसे ताणावे हे शिकवावे लागत नाही. तरुणांनी त्यांची मदत घ्यावी. गडद रंगाचे जाळे मागून येणाऱ्या प्रकाशात प्रेक्षकांना जवळजवळ दिसत नाही. भरकटलेला ड्रोन मात्र तेथेच अडतो.

तिसरे, खालची जमीन. पट्ट्यात एखादी जुनी, अनेक रंगांच्या तुकड्यांची गोधडी अंथरावी. आजीच्या गोधडीत कोणतेही दोन तुकडे सारखे नसतात आणि कॅमेऱ्याला नेमके तेच हवे असते. तिच्या कडा जमिनीला पक्क्या चिकटवाव्यात, अन्यथा पात्यांच्या वाऱ्याने ती फडफडेल. दृश्य रात्रीचे असले, तरी गोधडीवर एक आडोशाचा दिवा सतत तेवत ठेवावा. त्याचा उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येणार नाही, अशी योजना करता येते. हा दिवा कोणत्याही कारणाने मालवायचा नाही, हे प्रकाशयोजनाकारास लेखी कळवावे.

चौथे, यंत्र. शक्य तितका हलका आणि पात्यांभोवती चारही बाजूंनी पिंजरा असलेला ड्रोनच वापरावा. ८० ग्रॅमच्या आसपास वजनाचेही स्थिर उडणारे ड्रोन असतात. त्याला जड तारा, रिबिनी, झालर बांधू नये. प्रत्येक अधिक ग्रॅमने तोल बिघडतो आणि लोंबती रिबीन पात्यांत जाते. तारा दाखवायचा असेल, तर एक छोटा दिवा पुरेसा असतो. अंधारात प्रेक्षकांना दिवाच दिसतो, ड्रोन नव्हे.

पाचवी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. रिमोटशी संपर्क तुटला तर काय करावे, हे काही ड्रोनमध्ये आधीच ठरविलेले असते. खुल्या मैदानासाठी ठरविलेली रीत अशी, की ड्रोनने आधी बराच उंच जावे आणि मग निघालेल्या जागी परत यावे. सभागृहात याचा अर्थ तो थेट छतावर किंवा पंख्यावर आदळेल असा होतो. म्हणून ही योजना बदलून ‘आहे तेथेच उतरणे’ अशी करून ठेवावी. मोटारी तत्काळ बंद करण्याची त्या यंत्राची रीत कोणती, तेही चालकास डोळे मिटून करता आले पाहिजे.

संपर्क तुटण्याचे एक कारण सभागृहातच बसलेले असते. बहुतेक छोटे ड्रोन ज्या लहरींवर चालतात, त्याच लहरी वायफाय आणि ब्लूटूथही वापरतात. रिकाम्या सभागृहात आज्ञाधारकपणे उडणारा ड्रोन पाचशे भ्रमणध्वनी असलेल्या सभागृहात अडखळू शकतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये इटलीतील मिलान शहरात एका फॅशन प्रदर्शनात ड्रोन हातपिशव्या घेऊन आले. त्यापूर्वी प्रेक्षकांना आपापले वायफाय बंद करण्याची विनंती करावी लागली आणि त्यात बराच वेळ गेला. तेव्हा तालमीत सगळे सुरळीत झाले, ही प्रयोगाच्या रात्रीची हमी नव्हे.

सहावे, बॅटरी. ड्रोनच्या लिथियम बॅटरीला मार बसला किंवा ती फुगली, तर ती पेट घेऊ शकते. फुगलेली बॅटरी वापरू नये. बॅटरी विंगेत, पोशाखांच्या ढिगाशेजारी, चार्ज करीत ठेवू नये. कोणाच्या तरी डोळ्यांसमोर, फरशीवर ठेवूनच ती चार्ज करावी आणि जवळ वाळूची बादली असावी. प्रत्येक प्रयोगासाठी पूर्ण भरलेली बॅटरी घ्यावी आणि उड्डाण दीड-दोन मिनिटांत संपवावे.

सर्वांत महत्त्वाचे, माणसे. चालकाला एकच काम असावे. त्याने चित्रीकरण करू नये, नाचू नये, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नजर खिळवून ठेवू नये. ड्रोन त्याला प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसला पाहिजे. त्याच्या शेजारी एक जबाबदार प्रौढ व्यक्ती उभी असावी. तिने ड्रोनकडे न पाहता मुलांकडे पाहावे आणि कोणी पट्ट्याकडे वळताच “थांब” म्हणावे. हा शब्द ऐकला की प्रश्न न विचारता ड्रोन खाली आला पाहिजे. मुलांनाही ठामपणे शिकवावे, की ड्रोन पडला तर त्यास हात लावायचा नाही, उचलायला धावायचे नाही, नृत्य चालू ठेवायचे किंवा जागीच बसायचे.

तालीम टप्प्याटप्प्याने घ्यावी. आधी रिकाम्या रंगमंचावर पूर्ण प्रकाशात, मग प्रयोगाच्या दिव्यांत, मग पंखे बंद आणि दारे लावून, मग मोठ्या मुलांसह, आणि सर्वांत शेवटी पोशाखांसह सर्व मुलांना घेऊन. प्रत्येक टप्पा तीन वेळा निर्विघ्न पार पडल्याखेरीज पुढचा घेऊ नये. रंगीत तालमीआधी ड्रोन आला म्हणून तो प्रयोगात घेतला, असे कदापि होऊ नये.

कायद्याविषयी थोडेसे

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम, २०२१’ अधिसूचित झाले. त्यांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ गटात, तर त्याहून अधिक आणि २ किलोपर्यंतचे ‘मायक्रो’ गटात येतात. नॅनो ड्रोनच्या चालकास रिमोट पायलट प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. याचा अर्थ इतर सर्व बंधनांतून मोकळीक मिळाली, असा मात्र नव्हे. मुंबई व परिसरात पोलीस वेळोवेळी ड्रोन उडविण्यास मनाई करणारे आदेश काढतात. म्हणून मैदानात सराव करण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करावी आणि सभागृहातील कार्यक्रमाचीही कल्पना द्यावी.

आखातातून किंवा अन्य देशांतून सुटीवर येणाऱ्या बंधु-भगिनींनी आणखी एक गोष्ट जाणावी. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर, काही अपवाद वगळता, बंदी घालण्यात आली. भाच्यासाठी भेट म्हणून सामानात ड्रोन घालण्यापूर्वी नियमांची खात्री करून घेतलेली बरी.

सभागृहात नर्तक आणि ड्रोन यांत किती अंतर असावे, हे हे नियम ठरवून देत नाहीत. ते ठरविण्याची जबाबदारी आयोजकांवर आहे, आणि धर्मग्रामाच्या कार्यक्रमात ती अंतिमतः धर्मग्रामावर येते. म्हणून मुख्य धर्मगुरूंची पूर्वसंमती घ्यावी आणि सहभागी मुलांच्या पालकांना आधी सांगावे. ख्रिस्तमंदिरात पवित्र मिस्सा चालू असताना ड्रोन उडवू नये, हे निराळे सांगण्याची गरज नसावी. वेदीवर जे घडत असते, त्यावरून नजर हटविणारी कोणतीही वस्तू तेथे अस्थानी आहे.

“देव सांभाळील”

त्या तालमीत ओढणी फाटल्यानंतर कोणीतरी आम्हांला म्हणाले, “फादर, काही झालं नाही ना? देव सांभाळतो.” देव सांभाळतो, यावर आमची श्रद्धा आहेच. परंतु शुभवर्तमानात मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूपुढे नेमका हाच युक्तिवाद मांडला होता, याचेही स्मरण ठेवावे. उडी घे, देवदूत झेलतील, असे तो सुचवीत होता. प्रभूने उडी घेतली नाही. जी काळजी आपल्या हातात आहे, ती न घेता देवावर भार टाकणे म्हणजे श्रद्धा नव्हे. आणि येथे तर शिखरावर आपण स्वतः उभे नसून आपल्या स्वाधीन केलेली मुले उभी असतात.

त्या वर्षी आम्ही ड्रोन काढून टाकावयास सांगितले. आडव्या तारेवरून, कप्पीला दोरी लावून, तारा ओढण्याची जुनी पद्धत वापरली गेली आणि दोरी त्याच युवकाच्या हाती दिली. तो रुसला नाही. पुढच्या वर्षी तो जाळे, गोधडी आणि आडोशाचा दिवा अशी सगळी सिद्धता करून आला. महिनाभर त्याने टप्प्याटप्प्याने तालमी केल्या. ड्रोन उत्तम उडत होता. तरीही कप्पीचा तारा त्याने वरती बांधूनच ठेवला होता.

प्रयोगाच्या रात्री सभागृह तुडुंब भरले. पडदा उघडण्यापूर्वीच्या शेवटच्या चाचणीत ड्रोनचा संपर्क दोनदा तुटला आणि दोन्ही वेळा ठरविल्याप्रमाणे तो गोधडीवर उतरला. संयोजकांपैकी काहींचा आग्रह होता, की गाणे दीड मिनिटाचे तर आहे. त्या युवकाने बॅटरी काढली, ड्रोन पेटीत ठेवला आणि म्हणाला, “आज नको.” तारा दोरीवरून आला. मेंढपाळ नाचले. काही बदलले होते, हे प्रेक्षकांना कळलेही नाही.

ज्या नृत्याला ड्रोनवाचून अडते, त्यात ड्रोन घेऊ नये, असे आम्ही तेव्हापासून सुचवीत आलो आहोत. कारण तसे नृत्य असले, की ऐनवेळी “आज नको” म्हणण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. ड्रोन घ्यावयाचा असेल, तर दोरीचा ताराही वर बांधून ठेवावा, आणि “आज नको” म्हणण्याचा अधिकार चालकाला, मग तो वयाने कितीही लहान असो, सर्वांसमक्ष आधीच द्यावा.

यंदा ज्या धर्मग्रामांत असा विचार चालू असेल, तेथील युवकांनी पहिल्या तालमीआधी हा लेख आपल्या धर्मगुरूंसह व पालकांसह एकत्र वाचावा, अशी विनंती आहे. प्रयोगाच्या संध्याकाळी पुढील गोष्टी मोठ्याने वाचून, एकेक करून तपासाव्यात :

१) छताचे पंखे बंद आणि दारे लावलेली आहेत काय?
२) पट्टा मोकळा, जाळे ताणलेले व गोधडी पक्की आहे काय?
३) आडोशाचा दिवा चालू आहे काय?
४) पाती व पिंजरा शाबूत आणि बॅटरी पूर्ण भरलेली आहे काय?
५) संपर्क तुटल्यास ड्रोन जागेवर उतरतो काय, हे आताच पाहिले काय?
६) “थांब” म्हणणारी व्यक्ती जागेवर आहे काय?
७) दोरीचा तारा तयार आहे काय?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर “नाही” आले, तर त्या रात्री दोरी ओढावी.